मोसंबी कशी आहे, ते सांग

मोसंबीच्या सालीला नख लागले की एक तुषार उडतो. एरवी तो दिसत नाही. उन्हाची तिरीप आडवी पडली असेल तर क्षणभर धुक्यासारखा तरंगतो आणि विरतो. माझे बालपण त्या तुषारात गेले. बुधवार पेठेत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांमागच्या एका गल्लीत, खाली वडिलांचे रसाचे दुकान होते आणि वर आमच्या दोन खोल्या. जिन्याच्या कठड्याला, आईच्या पदराला, माझ्या शाळेच्या दप्तराला तोच एक वास येई. वर्गातल्या मुली माझी वही उसनी नेत आणि परत देताना म्हणत, "वसू, तुझी वही वाचली की तहान लागते."

दुकानात मोसंबीच्या रसाखेरीज काहीही मिळत नसे, आणि बाहेरच्या पाटीवर वडिलांनी स्वतःच्या अक्षरात रंगवले होते, "रस हाती येताच प्यावा. गप्पा नंतर माराव्यात." नवखे गिऱ्हाईक त्याला पुणेरी उद्धटपणा समजे. खरे कारण असे की मोसंबीच्या रसाला वाट पाहणे सोसत नाही. पिळल्यापासून तो आतल्या आत कडवट होऊ लागतो, आणि पिळताना बिया चिरडल्या गेल्या असतील तर फारच लवकर. रंग तोच राहतो, वासही जवळजवळ तोच. पेला अर्धा होईपर्यंत काही कळत नाही आणि मग जिभेच्या मुळाशी कडूपणा उगवतो, तो पाणी प्यायले तरी जात नाही. म्हणून बाबा मोसंबी आडवी कापत आणि मध्ये काचेचे शिखर असलेल्या वाटीवर हाताने पिळत, बी अखंड राहील इतक्याच जोराने. रोज सकाळी पहिला पेला ते स्वतः पीत, दुकानाच्या उंबऱ्यात उभे राहून, डोळे मिटून. रस मनास आला तर फळी उघडे. नाही आला तर सगळा माल वर आईकडे पाठवला जाई आणि गिऱ्हाइके दारात ताटकळत. त्यांना ते मान्य होते. किंबहुना आपण ताटकळलो याचा त्यांना अभिमानच वाटे.

मोसंबी निवडणे हे काम बाबा गुलटेकडीच्या बाजारात जाऊन करत. रंगावर जाऊ नये, ही त्यांची पहिली शिकवण. पिवळीधमक मोसंबी पुष्कळदा आतून कोरडी निघते आणि हिरवट झाक असलेली रसाने तट्ट भरलेली असते. फळ तळहातावर घ्यायचे, किंचित वर झेलायचे, आणि ते हातात परत येताना आकाराच्या मानाने जड वाटते का ते पाहायचे. साल पातळ हवी, गराला घट्ट चिकटलेली हवी. बोट दाबल्यावर पोकळ लागली तर फळ जुने. देठाची टिकली शाबूत हवी. आणि सगळ्यात शेवटी देठाजवळ नाक नेऊन हुंगायचे. त्या हुंगण्यावर सौदा ठरे. बाबांनी मान हलवली की आडते भोसले दुसरी गोणी उघडत. वाद घालत नसत. "तुमच्या नाकापुढं आमचा काटा काय करणार?" असे ते म्हणत.

आणलेला माल दुकानामागच्या खोलीत, शहाबादी फरशीवर गवत पसरून मांडला जाई. एक मोसंबी दुसरीला टेकलेली चालत नसे. धुवायची ती पिळण्यापूर्वीच. ओली साल दोन दिवसांत बुरसटते. रोज पहाटे बाबा वाकून प्रत्येक फळाची कूस बदलत, आणि एखादे बिघडू लागले असेल तर ते दिसण्याआधीच वासावरून उचलून बाजूला काढत. हल्ली मी खराडीला मुलाकडे राहते. इथे दारात येणाऱ्या मोसंब्या जाळीच्या पिशवीत एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्यावर मेणाची चकाकी असते. फोनवर चित्र पाहून मागवायच्या फळाला हातात झेलून पाहता येत नाही. मी तक्रार करत नाही. फक्त आल्या आल्या त्या सोडवून ताटांत वेगवेगळ्या मांडते, आणि सून विचारते, "आई, ही पूजा आहे का?"

वर, आईच्या स्वयंपाकघरात, बाबांनी नापसंत केलेल्या मोसंबीचा वेगळा संसार चाले. पाणचट निघालेल्या फोडी सोलून, त्यांचे पापुद्रे काढून ती दही-मोहरीची कोशिंबीर करी. जाड सालीचा मुरंबा होई. त्यासाठी साल दोनदा उकळून पाणी फेकावे लागे. पण तिचा हातखंडा पदार्थ म्हणजे मोसंबीचा शिरा. रवा तुपावर खमंग भाजायचा, पाण्यावर फुलवायचा, साखर घालायची, पातेले चुलीवरून उतरवायचे, वाफ बसू द्यायची, आणि मग वरून ताजा रस ओतून झाकण ठेवायचे. विस्तवावर रस घातला की तो कडू होतो, हे तिला दुकानाशी लग्न लागल्याबरोबर कळले होते. "मोसंबी शिजवायची नसते," ती म्हणे. "शिजलेल्यात घालायची असते."

एका पावसाळ्यात बाबांना ताप आला. मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. ताप गेला, खोकला गेला, बाबा पुन्हा दुकानात उभे राहू लागले, आणि सगळे पूर्ववत झाले असे आम्ही धरून चाललो. मग एका दुपारी आई आमटीत मीठ घालायला विसरली. आमच्या घरात ही लहान गोष्ट नव्हती. मिठाची कणी कमी पडली तर बाबांचे शेरे आठवडाभर पुरत. बाबांनी आमटी वाढून घेतली, भातावर पुन्हा घेतली आणि शांतपणे जेवत राहिले. काका, म्हणजे दुकानात हाताखाली असलेला बाबांचा धाकटा भाऊ, पहिल्याच घासाला थांबला.

"वहिनी, आज मीठ रजेवर गेलंय का हो?"

आईने स्वतःच्या पानातली आमटी चाखली. मग तिने बाबांकडे पाहिले. बाबांचा हात ताटातच थांबला होता.

"दादाने बघा कशी तुमची बाजू घेतली," काका हसला. "मला वाटलं होतं, आज ताट उडणार."

आईने मिठाची वाटी मध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी नुकत्याच फिरवलेल्या ओळीत मला निळसर बुरशी धरलेली मोसंबी सापडली. ती हातात घेऊन मी उभी राहिले. बाबा वळले, माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाले, "दे इकडं. आणि आज बाजारात माझ्याबरोबर चल."

नाक आणि जीभ दोन्ही गेली होती. करोनाच्या साथीत शेजारची मुलगी माझ्याकडे रडत आली होती, कॉफीला कसलाच वास नाही म्हणून, तेव्हा तिला समजावणारे डॉक्टर होते, फोन होता, तिच्यासारखे हजारो होते. बाबांकडे यांतले काही नव्हते. त्यांनी वैद्यांचे काढे घेतले, पण वैद्यांनाही खरे कारण सांगितले नाही. रसवाल्याची जीभ गेल्याची बातमी बाजारात पोचली असती तर भोसल्यांनीच नव्हे, सगळ्या गाळ्यांनी शिळा माल आमच्या गोणीत भरला असता. आणि काका कधीपासून हाताने फिरवायचे यंत्र आणायचे म्हणत होता, त्याने ते आणले असते. त्या यंत्रात सोललेली मोसंबी अख्खी जाते आणि बियांसकट चिरडते. बाबांच्या लेखी तो दुकानाचा शेवट होता.

तेव्हापासून माझी एक वेगळीच शाळा सुरू झाली. बाजारात बाबा पूर्वीसारखेच फळ झेलत, देठाशी नाक नेत, आणि सहज दिल्यासारखे ते माझ्या हातात देत. "काय?" एवढेच विचारत. सकाळी उंबऱ्यात डोळे मिटून अर्धा पेला पीत आणि उरलेला माझ्याकडे सरकवत. "काय?" पाहणाऱ्याला बाप लेकीचे लाड करतो आहे असे वाटे.

पहिल्या दिवशी मी म्हटले, "गोड आहे."

"गोड तर साखरही असते," बाबा म्हणाले. "मोसंबी कशी आहे, ते सांग."

मला सांगता येईना. शब्द जवळ होते, पण ते पुस्तकातले होते. अमृत, मधुर, रसाळ. बाबा ऐकून घेत आणि कोरडेपणाने म्हणत, "हे आरतीत ठीक आहे." हळूहळू मी जिभेवर थांबायला शिकले. आधी काय येते, मग काय, आणि घोट उतरल्यावर मागे काय उरते. एकदा म्हटले, नव्या माठातल्या पहिल्या दिवसाच्या पाण्यासारखी आहे. बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे काळ्या रानातली. पाणी वेळेवर मिळालंय." एकदा म्हटले, चव येते पण टिकत नाही, बोलता बोलता कोणी उठून जावे तशी. "तोडणीआधी पाणी जास्त पाजलंय. वजनासाठी. ही नको." माझे शब्द ते स्वतःच्या जुन्या जिभेवर ठेवून पाहत असत. पुढे मी कविता शिकले, शिकवल्याही. पण विशेषणाला इतकी कडक परीक्षा मला पुन्हा कोठे द्यावी लागली नाही. त्या पेल्यात चुकीचे विशेषण म्हणजे गोणीभर वाया गेलेला माल.

अशी दोन वर्षे निभावली. काकाला काही कळले नाही. आईला आमटीच्या दिवसापासून सगळे माहीत होते आणि तिने ते एका शब्दानेही दाखवले नाही. फक्त बाबांच्या पानात ती आता कुरकुरीत, मऊ, गरम, गार असे वेगवेगळे काहीतरी वाढू लागली होती.

रोज दुपारी एक कुलकर्णी मास्तर दुकानात येत. शाळेतून निवृत्त झालेले, काठी टेकत येणारे, पेला हातात येताच पाटीची आज्ञा पाळणारे. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले आणि मास्तरांनी जाहीर केले की जेवणात मठ्ठा असणार नाही. मोसंबीचा रस असेल. साऱ्या पेठेत खळबळ उडाली. जिलबी आणि मठ्ठा यांची ताटातूट करणारा माणूस आजवर कोणी पाहिला नव्हता. "मठ्ठ्याशिवाय लग्न कायद्याने ग्राह्य असतं का, विचारून ठेवा," असे त्यांचे व्याहीच म्हणाल्याचे आम्हांला कळले. मास्तर बाबांना म्हणाले, "दादा, मी बोलून बसलोय. आता माझं नाक तुमच्या हातात."

बाबा हसले. मी पेले पुसत होते. माझा हात थांबला.

ठरले असे की काकाने पहाटे माल कार्यालयात न्यायचा, बाबांनी आणि मी दुकानातले आवरून मागून जायचे, आणि पंगत बसली की समोरच पिळायला सुरुवात करायची. कार्यालय दोनच गल्ल्या पलीकडे होते. आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टके संपत आली होती, अक्षतांचा सडा पडला होता आणि भटारखान्यातून तळणीचा वास येत होता. मागच्या पडवीत काका कपाळाचा घाम पुसत उभा होता. त्याच्या शेजारी बर्फात ठेवलेले दुधाचे मोठे कॅन होते, आणि ते रसाने भरलेले होते.

"हे काय?" बाबांनी विचारले.

"दादा, एवढी माणसं. आयत्या वेळी हात पुरले नसते."

"केव्हा काढला?"

"आत्ताच. हे काय, आत्ताच."

कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेल्या यंत्राचा दांडा मला दिसत होता. काका वाईट माणूस नव्हता. पंगतीत रस कमी पडेल या भीतीने त्याला पहाटेपासून घेरले होते, आणि पिळल्या पिळल्या त्याने चाखला तेव्हा रस गोडच होता.

तेवढ्यात मास्तर आले, पीतांबर सावरत, मागे व्याही आणि त्यांची चारदोन माणसे. "चला दादा, पहिला पेला," मास्तर म्हणाले. "आमच्या व्याह्यांना बघू द्या तुमची पद्धत. मठ्ठ्याला असला मान नसतो."

बाबांनी पेला घेतला. डोळे मिटले. अर्धा प्यायले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही.

"छान," ते म्हणाले.

काकाने सोडलेला श्वास मला ऐकू आला. मास्तरांनी वाढप्यांना हात केला. बाबांनी सवयीने उरलेला पेला माझ्याकडे दिला आणि सवयीनेच विचारले, "काय?"

पहिल्या घोटाला थंडावा आला, मग गोडी आली, आणि मग जिभेच्या मागे तो उगवला, दाट, हिरवा, कडुनिंबाच्या काडीसारखा. मी पेला हातात धरून उभी राहिले. आजही त्या क्षणाकडे मी बरीच लांबून पाहते आणि मला त्यात वीरश्री दिसत नाही. गप्प राहिले तर हा रस पंगतीत जाणार होता आणि त्यावर बाबांचा 'छान' असा शिक्का होता. बोलले तर तो शिक्का आंधळा आहे हे सगळ्यांना कळणार होते. दोन्हींकडे बाबांचेच नुकसान होते. पण त्यांनी विचारले होते, आणि दोन वर्षांत मी त्यांना एकदाही खोटे सांगितले नव्हते.

"कडू," मी म्हटले.

व्याह्यांनी भुवई उंचावली. "वा! एकाच पेल्यात दोन रस? बापाला गोड, लेकीला कडू?"

"वसू, चेष्टा करू नकोस," काका म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता.

बाबा माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग असेल म्हणून मी वाट पाहिली. ते हिशेब करत असावेत. कोणती गोष्ट आधी वाचवायची याचा. मग ते मास्तरांकडे वळले.

"मास्तर, हा रस वाढू नका. ही सांगते ते खरं आहे."

"पण तुम्हीच आत्ता—"

"मला कळत नाही," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचा, दुकानातला. "दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून मला वासही येत नाही आणि चवही नाही. तेव्हापासून दुकानात ही चाखते. तुम्ही रोज प्यायलात तो रस हिने पसंत केलेला होता."

आत वाजंत्री सुरू झाली होती. मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली.

"म्हणजे दोन वर्षं मी या मुलीच्या जिभेवर जगतोय," ते म्हणाले. "बरं आहे की. तुमच्या जिभेपेक्षा ती कमी बोलते." मग त्यांनी पीतांबराचा सोगा खोचला. "माल आहे का अजून?"

दुकानामागच्या खोलीत पुढच्या दिवसांचा सगळा माल गवतावर पडलेला होता. काका कोणी सांगण्याआधीच धावला आणि गोण्या भरून घेऊन आला. आसपासच्या घरांतून लिंबू पिळायच्या वाट्या आल्या, विळ्या आल्या. मांडवातल्या बायकांनी शालू खोचून पडवीत बैठक मारली. बाबा कापत होते. मी प्रत्येक गोणीतली एकेक मोसंबी चाखून पुढे सोडत होते. पिळला की पेला लगेच पंगतीत जाई, आणि वाढपी ओरडत जाई, "हातात आला की प्या! गप्पा नंतर!" वधूपिता स्वतः पाटावर बसून मोसंब्या पिळतो आहे हे पाहून व्याहीही अखेर बसले. त्यांनी बी चिरडली तेव्हा मास्तर म्हणाले, "राहू द्या. तुम्ही मठ्ठ्याचेच."

घरी परतलो तेव्हा ऊन उतरले होते. जिना चढताना काका मध्येच थांबला.

"दादा, मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू यंत्र दोन वर्षं आधी आणलं असतंस."

काकाने विचार केला. "हो," तो म्हणाला, "आणलं असतं." आणि यंत्र परत करायला तो त्याच पावली खाली उतरला.

सकाळी बाजारात बातमी आमच्या आधी पोचली होती. भोसल्यांनी गोणी उघडली, एक मोसंबी उचलली, क्षणभर घुटमळले आणि माझ्यापुढे धरली. आजवर ते मला पोरी म्हणत. "घ्या ताई, बघा," ते म्हणाले. बाबांनी हात पाठीमागे बांधले आणि ते बाजूला सरकले. मला वाटले, आता ते इथून पुढे बाजारात यायचे नाहीत. दुपारी मास्तर नेहमीच्या वेळी आले, पेला हातात घेतला, आणि पिण्याआधी माझ्याकडे पाहून गंभीरपणे विचारले, "काय?" सगळे दुकान हसले. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

त्या संध्याकाळी आईने शिरा केला. पातेले उतरवून तिने रस ओतला, झाकण ठेवले, आणि ते काढले तेव्हा वाफेबरोबर तो वास दोन्ही खोल्यांत पसरला. तुपाचा, भाजलेल्या रव्याचा, आणि त्यावरून हलकेच तरंगत गेलेला सालीचा. बाबांनी वाटी हातात घेतली. शिरा गरम आहे आणि मऊ आहे, एवढेच त्यांना कळणार होते. ते जरा वेळ वाटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी ती माझ्यापुढे केली.

"काय?"

"आता कशाला विचारतोस, दादा?" काका म्हणाला. "सगळ्या गावाला कळलंय. आणि आजचं दुकानही बंद झालंय."

"दुकानासाठी विचारत नाहीये," बाबा म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला आणि ती उगाचच पातेल्याकडे वळली. मी घास घेतला. मी दमले होते. "गोड आहे," मी म्हटले.

"गोड तर साखरही असते."

मग मी वाटी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आधी तूप सांगितले. मग रव्याची कड कशी किंचित जास्त भाजली गेली आहे, ते. मग त्यामागून मोसंबी कशी येते, ते. मी एक शब्द सांगे आणि थांबे; बाबा तेवढा एक घास घेत, डोळे मिटून, आणि गिळून झाला की मान हलवत. थोडासा शिरा, पण तो संपायला पुष्कळ वेळ लागला.